प्रवचनातला पापी कोण?

वाचकाचं पत्र

ताई,
मी मूळची सांगली जिल्ह्यातली. लग्नानंतर मिशिगनमध्ये आले, आता ट्रॉयला राहते, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी करते. सकाळचा पाऊण तास गाडीत जातो. मागच्या हिवाळ्यात रेडिओ फिरवताना एएमवर एक ख्रिस्ती प्रवचनकार लागले. आमचं घर वारकऱ्यांचं, आजोबा कीर्तन करायचे. धर्म बदलण्याचा विचार माझ्या मनातही नाही. पण या माणसाच्या आवाजात असं काही आहे की डोळे भरून येतात. ऑफिस आलं तरी पार्किंगमध्ये बसून शेवटपर्यंत ऐकते. ह्यांना न सांगता दोनदा पैसेही पाठवले.

गेल्या काही महिन्यांत त्यांच्या बोलण्यात 'ते लोक' फार यायला लागलेत. ते आपला देश हिसकावतायत, ते आपल्याला बोलू देत नाहीत, असं. परवा जेवताना मी सहज म्हणून गेले, "हल्ली ते लोक काही बोलूच देत नाहीत." मुलगा नववीत आहे. त्याने विचारलं, "ते म्हणजे कोण, आई?" मला उत्तर देता आलं नाही. नुसत्या आवाजात एवढी ताकद असते का? मी फसतेय का? ऐकणं बंद करू का?
— एक वाचक, ट्रॉय

उत्तर

नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. आजच्या आज बंद करू नका. आपण नेमकं काय ऐकतोय हे आधी कळलं पाहिजे, नाहीतर हा आवाज गेला की त्याच्या जागी दुसरा येईल. आणि डोळे भरून येतात याची लाज तर मुळीच बाळगू नका.

तुमचे कान कीर्तनावर वाढलेत. अभंगाचं एक चरण घ्यायचं, ते साध्या बोलीत उलगडायचं, दृष्टान्त सांगायचा, परत त्याच चरणावर यायचं, दर वेळी जरा वरच्या पट्टीत. मग मागे टाळ वाजतात, मृदंगावर थाप पडते आणि बोलणं कधी संपलं, गाणं कधी लागलं हे समोर बसलेल्याला समजत नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच प्रवचनकारांकडे, विशेषतः कृष्णवर्णीयांच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये, हीच चढण आहे. सुरुवात गप्पा मारल्यासारखी, शेवट गाण्याच्या काठावर. मला वाटतं, तुमच्या डोळ्यांतलं पाणी ख्रिस्ती धर्मासाठी जेवढं आहे त्याहून जास्त आजोबांसाठी आहे.

मात्र देवळातलं कीर्तन आणि गाडीतला रेडिओ यांत एक मोठा फरक आहे. कीर्तनकाराला माणसं दिसतात. कोण पेंगतंय, कोण उठून गेलं, पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याने कपाळाला आठी घातली, हे सगळं दिसतं आणि त्याप्रमाणे तो स्वतःला आवरतो. गाडगेबाबा तर कीर्तनात लोकांना प्रश्न विचारायचे आणि उत्तर आल्याशिवाय पुढे सरकायचे नाहीत. रेडिओवर बोलणाऱ्याला आठ्या दिसत नाहीत. तुम्हालाही दिसत नाहीत. तुम्ही एकट्या असता, हात स्टिअरिंगवर, काचा बंद. त्याने वाक्य अर्ध्यावर सोडलं की मनातल्या मनात 'हो' म्हणायला गाडीत तुमच्याशिवाय कुणी नसतं.

तंत्राची बाजूही समजून घ्या. एएमवर अगदी खालचे आणि अगदी वरचे सूर बरेचसे गळून जातात, उरतो तो बहुतेक माणसाच्या बोलण्याचा पट्टा. त्यात स्टेशनची यंत्रं आवाजाचे चढउतार दाबून सपाट करतात, म्हणजे मोठा आवाज थोडा खाली येतो आणि कुजबुज वर उचलली जाते. परिणाम असा की प्रवचनकाराने आवाज अगदी खाली आणला तरी तो लांब जात नाही, उलट कानाशी येतो. श्वास ऐकू येतो, ओठ ओले करण्याचा आवाज ऐकू येतो. एरवी इतक्या जवळून आपल्याशी फक्त घरची माणसं बोलतात. शिवाय रेडिओवर थांबणं ही मोठी गोष्ट असते. सभेत वक्ता थांबला तर लोक इकडेतिकडे बघतात. रेडिओ दोन क्षण गप्प झाला की आपण कान टवकारतो, बंद तर नाही पडला? आणि त्या टवकारलेल्या कानात पुढचं वाक्य पडतं.

उद्या ऐकताना एवढंच बघा. 'माझ्या मित्रांनो' कुठे येतं, आवाज कुठे पडतो, एकच शब्दसमूह तीन-चार वाक्यांच्या सुरुवातीला कसा येतो आणि दर वेळी पट्टी कशी चढते, घसा कुठे दाटतो, आणि घसा दाटल्यानंतर किती वेळात फोन नंबर येतो. पैशांचं आवाहन कधीही थंड वाक्यानंतर येत नाही.

आता तुमच्या घराजवळची एक गोष्ट सांगते. ट्रॉयहून दक्षिणेला रॉयल ओकला गेलात की वुडवर्ड ॲव्हेन्यू आणि ट्वेल्व्ह माइल रोडच्या कोपऱ्यावर दगडी मनोरा असलेलं एक कॅथलिक चर्च लागतं. नाव श्राइन ऑफ द लिटल फ्लॉवर. तुम्ही त्यावरून गेल्याही असाल. तिथे फादर चार्ल्स कॉफ्लिन नावाचे धर्मगुरू होते, जन्माने कॅनडातल्या हॅमिल्टनचे. १९२६ मध्ये डेट्रॉईटच्या डब्ल्यूजेआर स्टेशनवरून त्यांनी बोलायला सुरुवात केली, तीही लहान मुलांना धर्म समजावून सांगायला. १९३० मध्ये सीबीएस या रेडिओ कंपनीने त्यांना देशभर नेलं. वर्षभरात सीबीएसशी फाटलं तेव्हा त्यांनी स्टेशनं जोडत स्वतःचंच जाळं उभं केलं. ऐन भरात त्यांना आठवड्याला तीन कोटी माणसं ऐकत, असा अंदाज सांगितला जातो. येणारी पत्रं उघडायला शंभरावर कारकून लागत.

त्यांच्या आवाजाची वर्णनं वाचली तर तुम्हाला ओळखीची वाटतील. सुरुवात खालच्या, भरदार स्वरात, संथ. 'र' वर आयरिश वळणाचा कंप. मग गती वाढत जाई, पट्टी चढे, आणि शेवटाकडे आवाज वेदनेने ताणल्यासारखा होई. आणि आरंभी ते जे बोलत त्यात खरं बरंच होतं. मंदीचा काळ, डेट्रॉईटमध्ये मोटारीचे कारखाने माणसं काढत होते, बँका बुडत होत्या, घरात चूल पेटत नव्हती. भुकेल्या माणसाची भूक हे धर्मगुरू नावानिशी बोलून दाखवत होते. लोकांनी त्यांच्यावर विश्वास टाकला तो उगाच नाही.

हा विश्वास पुढे कुठे वळवला गेला ते बघा. आधी दोषी होते बडे बँकवाले. मग 'आंतरराष्ट्रीय' बँकवाले. अध्यक्ष रूझवेल्टना डोक्यावर घेतलेल्या याच धर्मगुरूंनी दोन-तीन वर्षांत त्यांच्यावरही तोफ डागली. आणि मग बोट सरळ ज्यूंकडे वळलं. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत एका रात्रीत सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, जाळली गेली, ज्यूंची दुकानं फोडली गेली. त्यानंतर दीड आठवड्याने, २० नोव्हेंबरला, कॉफ्लिन रेडिओवर आले आणि कम्युनिझमचं खापर ज्यूंवर फोडून नाझींनी केलं ते जणू स्वसंरक्षण, अशी मांडणी त्यांनी केली. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएमसीए स्टेशनने त्यांचं पुढचं भाषण लावायला नकार दिला. १९४० मध्ये त्यांचा रेडिओवरचा आवाज थांबला, १९४२ मध्ये आर्चबिशपनी राजकारण बंद करायला लावलं आणि पुढे १९६६ पर्यंत ते त्याच चर्चचे साधे धर्मगुरू म्हणून राहिले.

आवाज तोच होता. भुकेल्याला धीर देणारा कंप आणि ज्यूंवर सुटलेला कंप एकाच गळ्यातून आला. म्हणूनच सांगते, आवाज खरा वाटतो एवढ्यावरून बोलणं खरं ठरत नाही. माणूस मनापासून बोलत असेल आणि तरी चुकीचं, क्रूर बोलत असेल. एका विषयात कमावलेली पत दुसऱ्या विषयात खर्च होत असते आणि ऐकणाऱ्याला विषय बदललेलाच कळत नाही, कारण सूर बदललेला नसतो.

तुम्ही विचारलंत, आवाजात एवढी ताकद असते का. असते, पण तिला मर्यादाही आहे, आणि हे ऐकून तुम्हाला जरा बरं वाटेल. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत कॉफ्लिन यांनी आपलं सगळं वजन विल्यम लेमकी या उमेदवाराच्या मागे टाकलं. कोट्यवधी लोक ऐकत होते, आणि लेमकींना मतं पडली नऊ लाखांहूनही कमी. बहुतेक लोकांनी आवाज ऐकला, डोळे पुसले आणि मत आपल्या अकलेने दिलं. ऐकणं म्हणजे बांधलं जाणं नव्हे. बांधलं जाणं सुरू होतं ते त्याचं वाक्य आपल्या तोंडून, आपल्या जेवणाच्या टेबलावर, आपलंच असल्यासारखं बाहेर पडतं तेव्हा. तुमच्या मुलाने ते नेमकं हेरलं.

त्या 'ते'बद्दल थोडं जास्त सांगते, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात काळजीचं तेच वाटलं. जर्मनीतून परागंदा होऊन अमेरिकेत आलेले विचारवंत थिओडोर ॲडोर्नो यांनी १९४० च्या दशकात मार्टिन लूथर थॉमस नावाच्या कॅलिफोर्नियातल्या एका रेडिओ प्रवचनकाराच्या भाषणांचा बारीक अभ्यास केला. (सोळाव्या शतकातल्या मार्टिन ल्यूथरशी गल्लत करू नका, हा नावाचा योगायोग.) त्यांना दिसलेल्या युक्त्या आजही जशाच्या तशा ऐकायला मिळतात. मी एकटा आहे, माझ्यामागे ना पक्ष ना पैसेवाला. मी थकलोय, कर्जात आहे, तरी तुमच्यासाठी उभा आहे. वेळ थोडा उरलाय, ही शेवटची घटका आहे. आणि सगळ्यात धारदार युक्ती ही की शत्रूचं नाव अर्धवट सोडायचं. मला काय काय माहीत आहे ते तुम्हाला कळलं तर... आणि गप्प. नाव न घेतल्यामुळे ऐकणारा ती जागा स्वतः भरतो. एकाच्या मनात त्याला नोकरीवरून काढणारा साहेब असतो, दुसऱ्याच्या मनात शेजारी राहायला आलेलं परक्या रंगाचं कुटुंब. दोघांनाही वाटतं, हा माझ्याच मनातलं बोलला. तुमच्या 'ते' मध्ये कोण होतं ते तुम्ही शांतपणे आठवून बघा. एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला हवी. 'देश हिसकावणारे ते' असं कुणी त्या देशात म्हणतं तेव्हा त्याच्या काही श्रोत्यांच्या मनात तुमच्यासारखंच नाव, तुमच्यासारखाच चेहरा येत असतो. ज्या वाक्यात तुम्ही स्वतः बसता ते वाक्य तुम्ही मुलासमोर बोललात.

म्हणजे धार्मिक रेडिओ सगळाच वाईट का? मुळीच नाही, आणि हेही तुमच्याच परिसरात सापडेल. डेट्रॉईटमध्ये न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन होते, गायिका अरीथा फ्रँकलिन यांचे वडील. १९४६ मध्ये ते त्या चर्चमध्ये आले. त्यांची प्रवचनं रविवारी रात्री रेडिओवर लागत, आणि १९५३ पासून त्यांच्या तबकड्या निघाल्या, देशभर घरोघरी वाजल्या. गरुडाने आपलं घरटं ढवळून काढणं, या बायबलमधल्या ओळीवरचं त्यांचं प्रवचन मिळालं तर जरूर ऐका. सुरुवातीला ते शिक्षकासारखे समजावतात, घाई नाही. मग गोष्ट सांगतात. कोंबड्यांच्या खुराड्यात वाढलेला गरुड, मालक त्याच्यासाठी पिंजरा बांधतो, तो वाढेल तसा पिंजरा मोठा करतो आणि शेवटी एके दिवशी दार उघडतो. इथे आवाज बोलण्यातून सुरात शिरतो. वाक्यं आखूड होतात, प्रत्येक ओळीच्या शेवटी श्वासाचा जोरकस ठोका पडतो, आणि दोन ओळींच्या मध्ये चर्चमधल्या बायाबापड्यांचा हुंकार येतो. तो हुंकार तबकडीतही ऐकू येतो. आपल्याकडे टाळकऱ्यांचा येतो तसा. माणसांच्या मध्ये उभं राहून केलेलं बोलणं आहे ते, त्यांनी उत्तर दिल्याशिवाय ते वर चढत नाही.

चढणही तीच, कंपही तसाच. मग कॉफ्लिन आणि फ्रँकलिन यांत फरक कुठे करायचा? मी अशा प्रत्येक प्रवचनाला एकच प्रश्न विचारते, आणि तुम्हीही तो विचारा: या प्रवचनात पापी कोण आहे? फ्रँकलिन यांच्या प्रवचनात पिंजऱ्यातला गरुड हा ऐकणाऱ्याचा जीव आहे. ढवळलं जातंय ते ऐकणाऱ्याचं घरटं. जून १९६३ मध्ये डेट्रॉईटमध्ये नागरी हक्कांसाठी निघालेल्या प्रचंड मोर्चाच्या आयोजनात हेच फ्रँकलिन आघाडीवर होते, म्हणजे अन्यायावर बोलायला ते कचरत नव्हते. पण सूर सर्वांत वर जाई तेव्हा समोर बसलेल्या माणसाला काहीतरी करायला, बदलायला सांगितलं जाई. कॉफ्लिन यांच्या रेडिओवरच्या शेवटच्या वर्षांत सूर सर्वांत वर जाई तेव्हा पापी कुठेतरी लांब असे, खोलीत नसे, उत्तर द्यायला येऊ शकत नसे. ऐकणारा त्या क्षणी निर्मळ होऊन उठे. ही निर्मळता फार गोड लागते, आणि ती फुकट मिळते म्हणून तिची चटक लागते.

तुकोबांचे अभंग आठवा. देवाकडे तक्रार आहे, ढोंगी बुवांना चार शब्द सुनावलेत, पण किती ठिकाणी स्वतःलाच धरून धुतलंय! दिल्लीत १९४७ च्या शेवटी गांधीजी रोज संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर बोलत आणि ते आकाशवाणीवरून लागत असे. त्या आवाजात ना कंप, ना चढण. संथ, थकलेला, जवळजवळ सपाट. शहरात दंगल, समोर सर्वस्व गमावून आलेले निर्वासित, आणि हा माणूस बहुतेक वेळ आपल्याच लोकांनी काय केलं यावर बोले. प्रार्थनेतल्या कुराणाच्या आयतीला समोर बसलेल्या कुणी हरकत घेतली की प्रार्थना थांबवल्याचे प्रसंग आहेत. ऐकणाऱ्याला 'नाही' म्हणण्याची जागा त्या सभेत होती. बोट स्वतःकडे वळतं का आणि ऐकणाऱ्याला 'नाही' म्हणता येतं का, धार्मिक बोलण्याची उंची मी यावरून मोजते.

आता करायचं काय ते सांगते.

बहुतेक स्टेशनं प्रवचनं नंतर इंटरनेटवर ठेवतात. तुम्हाला सगळ्यात जास्त हललेलं एक प्रवचन काढा आणि घरी, टेबलाशी बसून दीडपट वेगाने ऐका. थांबे आखडतील, श्वास विरेल, घशातला दाटपणा कमी होईल. मग त्यातली पाच मिनिटं कागदावर उतरवा. 'ते' आलं की पुढे लिहा: कोण? काय केलं? कधी? यांना कसं कळलं? १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका अभ्यासगटाने कॉफ्लिन यांच्या भाषणांचं असंच केलं होतं. भाषण छापून ओळीओळीत छोटी चित्रं टाकली. 'मी तुमच्यातलाच' असं आलं की जुना जोडा, सोयीचे तेवढेच पुरावे मांडले की इस्पिकचा एक्का, दुसऱ्याची पुण्याई उसनी घेतली की मुखवटा. तुम्ही मुलाला बरोबर घ्या. नववीतल्या मुलाला हे काम फार आवडेल आणि त्याच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला दोघांना मिळूनच शोधता येईल. त्याला सरळ सांगा की त्या दिवशी मला उत्तर येत नव्हतं, कारण ते वाक्य माझं नव्हतं.

लिहून झाल्यावर कागदावर काही उरलं, धीर, क्षमा, स्वतःकडे बघायला लावणारी एखादी ओळ, तर खुशाल ऐकत राहा. वारकऱ्याच्या नातीने बायबलवरचं चांगलं प्रवचन ऐकलं तर विठोबा रागावणार नाही. पण शेवटाकडचा सूर दर वेळी कुणा ना कुणा समाजावर जाऊन संपत असेल तर मात्र बंद करा, आणि ते सकाळी घाईत न करता आदल्या रात्री ठरवून करा. त्या पाऊण तासाला दुसरं काहीतरी हवं, नाहीतर बोट आपोआप त्याच बटणाकडे जाईल. फ्रँकलिन आहेत. घरी कुणाकडे आजोबांची एखादी जुनी कॅसेट असेल तर मागवून घ्या. आणि एखाद्या रविवारी प्रत्यक्ष चर्चमध्ये जाऊन, माणसांत बसून प्रवचन ऐका. माणसांत बसल्यावर आपला 'हो' किती खरा असतो ते कळतं.

राहिले पैसे. ह्यांना सांगा, या आठवड्यातच सांगा. रक्कम किती हा प्रश्न नाही. जी गोष्ट नवऱ्यापासून लपवावीशी वाटली तिच्याबद्दल तुमचं मन आधीच काहीतरी म्हणत होतं. दरमहा कापले जाणार असतील तर बँकेच्या पोर्टलवर जाऊन थांबवा, फोन करून थांबवायला जाल तर फोनवरही तोच गोड आवाज असेल. पुन्हा द्यावंसं वाटलं तर आधी हिशेब मागा. अमेरिकेत चर्च म्हणून नोंद असलेल्या संस्थांना आयकर खात्याकडे दरवर्षीचा माहितीपत्रक फॉर्म भरावा लागत नाही, त्यामुळे पैसा कुठे जातो हे बाहेरच्याला दिसेलच असं नाही. चर्च नसलेल्या बहुतेक धर्मादाय संस्थांना मात्र तो भरावा लागतो आणि तो कुणालाही बघता येतो. तुमचे प्रवचनकार कुठल्या प्रकारात बसतात ते आधी पाहा. हिशेब दाखवायला तयार नसतील तर पुढचा चेक ट्रॉयमधल्या एखाद्या अन्नछत्राला पाठवा आणि ह्यांना दाखवून पाठवा.